साठ लाखांच्या तीन वाटा

2019 च्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या पेठेतलं जुनं घर विकलं गेलं. कर, वकील, दलाली सगळं भागवून 60 लाख उरले. भावंडं तीन, म्हणजे प्रत्येकी 20 लाख. एवढी रक्कम एकरकमी तिघांपैकी कुणीच कधी पाहिली नव्हती.

दादा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. मधली ताई वाईला. यजमान गेल्यापासून पोळीभाजी केंद्रावर तिचं घर चालत होतं आणि मुलगा डिप्लोमाला होता. धाकटा पुण्यात, खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत.

पैसा वेगळा झाला की माणसं वेगळी होतात, असं वडील नेहमी म्हणायचे. म्हणून तिघांनी ठरवलं की रक्कम फोडायची नाही. धाकट्यानं बाणेरला 60 लाखांचा एक गाळा हेरून ठेवला होता. महिन्याला 30,000 भाडं, तिघांना दहा-दहा हजार, आणि भाव वाढेल तो वेगळाच. हिशेब इतका सोपा होता की कुणी कागदसुद्धा पुढे ओढला नाही. इसार देण्याआधी शिरवळला आत्याच्या पाया पडून यावं, एवढंच बाकी होतं.

आत्याचं वय सत्तरीच्या पुढं. शिरवळला कारखाने येऊ लागले तेव्हा तिनं गोठ्यात मधे भिंत घालून पहिली खोली भाड्यानं दिली होती. पुढं त्या दहा झाल्या. त्या दहा खोल्यांवर तिनं दोन मुलींची लग्नं केली आणि नवऱ्याचं आजारपण काढलं. तिला गुंतवणूकदार म्हणावं असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

चहा झाला. धाकट्यानं मोबाइलवर गाळ्याचे फोटो दाखवले. आत्यानं ते नीट पाहिले आणि ताईला विचारलं, "तुझं घर महिन्याला किती खातं?"

"पंधरा-सोळा हजार. मुलाची फी भरायच्या वेळी जास्त."

"आणि केंद्राचे सुटतात किती?"

"आठ-नऊ. पाऊस लांबला तर सात."

"म्हणजे हे दहा हजार तुला दर महिन्याला हवेतच. वरकड म्हणून नाही, पिठामिठासाठी." मग ती दादाकडे वळली. "तू नोकरीला कधी लागलास?"

"अठ्ठ्याऐंशीला."

"म्हणजे तुला जुनी पेन्शन." दादानं मान डोलावली. 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेल्यांना ती आहे, हे मास्तराच्या आत्याला सांगावं लागत नाही. "पोरीच्या लग्नाला फंड आहे, ग्रॅच्युइटी आहे. मग हे 20 लाख तुला कधी लागणार?"

दादानं विचार केला. "तसे... लागणार नाहीत. दहा वर्षं तरी."

"आणि तुला रे?"

धाकटा म्हणाला, "मला कंपनी बाहेरदेशी पाठवेल असं चाललंय. गेलो तर लागतील, नाही गेलो तर नाही लागणार."

"मग हा गाळा एकटा काय काय करणार? हिला दर महिन्याला दाणापाणी द्यायचा, दादासाठी दहा वर्षं मुकाट पडून राहायचं आणि तू विमानात बसलास की लगेच विकलं जायचं. भाडेकरू एकच. तो उठला की तिघांचं एकदम बंद. दादाला कळणारसुद्धा नाही, हिच्या घरात मात्र पीठ नसेल. विकायचा म्हटलं तर तीन सह्या. जू दोन बैलांच्या मानेवर बसतं बाळांनो, तिसरा कुठं जुंपणार?"

दादाला हे आवडलं नाही. परत जाताना एसटीत तो ताईला म्हणाला, "आत्यानं घर फोडलं." हा राग खोटा नव्हता. आपल्याकडे भावंडांनी एकत्र व्यवहार केला की त्याला प्रेमाचं मोजमाप मानतात. पण ज्यांच्या गरजा वेगळ्या आहेत त्यांना एका दस्तात बांधणं म्हणजे भांडणाची तारीख पुढं ढकलणं, असं माझं ठाम मत आहे. 'इन्व्हेस्टमेंट' या नावाखाली अशी कितीतरी सामाईक घरं आज महाराष्ट्रभर कुलपात आहेत. एक भाऊ सही देत नाही, दुसऱ्याला पैशांची निकड आहे, तिसरा परदेशात.

इसार दिला गेला नाही. 60 लाखांचे तीन वाटे झाले.

ताई आठवड्यानं एकटीच शिरवळला परत आली. तिला आत्याचा धंदा आतून बघायचा होता. आत्यानं फळीवरून वही काढली. शाळेची दोनशे पानी वही, कडा तेलकट झालेली. डाव्या पानावर खोलीचा नंबर, भाडेकरूचं नाव, मूळ गाव, कंपनी, अनामत, आल्याची तारीख. उजव्या पानावर खर्च: नळाची तोटी 180, मोटर बांधणी 1,400, सेप्टिक टँक उपसा 2,000, दरवाजाची कडी 90. आणि मधेमधे लाल शाईचे आकडे. 17. 9. 41.

"हे काय?"

"खोली रिकामी राहिलेले दिवस. लोक भाडं किती येतं ते लिहितात, न आलेलं कुणी लिहीत नाही. मी वर्षाचं भाडं दहाच महिन्यांचं धरते. बाकीचे दोन महिने या लाल शाईत जातात. एखाद्या वर्षी नाही गेले तर तेवढ्यात चुना-रंग होतो."

ताईनं त्या दुपारी वहीची मागची सहा वर्षं वाचून काढली. पोळीभाजीचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला तो वाचायला जड नव्हता. कणकेचा भाव, गॅसची टाकी, उरलेल्या चपात्या, सगळं ती असंच लिहीत होती. खोल्यांचा धंदा तिला गुंतवणुकीपेक्षा दुसऱ्या खानावळीसारखा वाटला: रोज थोडं लक्ष, माणसांशी बोलणं, वेळेवर वसुली. हे तिला येत होतं.

तिनं शिरवळच्या गावठाणातली दोन गुंठ्यांची जागा घेतली, पडक्या घरासकट, 8 लाखांना. गावठाणाच्या आत असल्यामुळं बिनशेतीची भानगड नव्हती. मालक ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखवत होता. वकिलानं सांगितलं, की हा घरपट्टीचा उतारा आहे, यावर मालकी सिद्ध होत नाही. जुनं खरेदीखत काढा, वारसांची नोंद बघा, बहिणींची हक्कसोडपत्रं झालीत का ते विचारा. एका बहिणीचं झालं नव्हतं. ती मुंबईहून येऊन सही करेपर्यंत दोन महिने गेले. ताई थांबली. मुद्रांक, नोंदणी, वकील मिळून 60,000 गेले, चार खोल्या बांधायला 9 लाख. 2,40,000 तिनं बँकेत तसेच ठेवले आणि त्यांना हात लावायचा नाही असं मुलाला बजावलं.

चार खोल्या, प्रत्येकी 3,500. महिन्याला 14,000 कागदावर. आत्याच्या रीतीनं दहा महिन्यांचे 1,40,000, त्यातून दुरुस्ती, घरपट्टी, पाणी असे 25,000 वजा. हाती 1,15,000. घातलेल्या पैशांवर साडेसहा टक्के. आकडा डोळे दिपवणारा नाही, पण तो दर महिन्याला येणारा होता, आणि तिला तेच हवं होतं. एका गोष्टीत ती आत्याच्या पुढं गेली. आत्या तोंडी शब्दावर खोल्या देत आली होती. ताईनं प्रत्येकाशी 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवला. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ही नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. करार नोंदलेला नसेल तर वादात अटींबाबत आधी भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. आत्या म्हणाली, "मला कुणी सांगितलं नव्हतं गं." आणि तिनं आपल्याही दहा खोल्यांचे करार करायला घेतले.

दादाची गोष्ट वेगळी. रुसून बसलेला माणूस सहज कुणाच्या तरी हाती लागतो. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं त्याला लोणंदच्या बाजूची एक 'स्कीम' सांगितली. एक एकराचे बारा तुकडे, तीन-तीन गुंठ्यांचे, मधून मुरमाचा रस्ता, कमानीवर रंगीत फलक. गुंठ्याला दीड लाख. "दोन वर्षांत दुप्पट" हे एजंटचं वाक्य दादानं घरी इतक्या वेळा म्हटलं की वहिनींना ते पाठ झालं. शेवटी त्यांनीच ताईला फोन केला, आणि ताईनं त्याला सातबारा घेऊन आत्याकडे आणलं.

आत्यानं चष्मा लावला. सातबारा कसा वाचायचा हे तिला शिरवळमध्ये जमिनी जाताना आणि येताना बघून कळलं होतं. तिनं वरून खाली बोट फिरवलं. क्षेत्र 0.40, म्हणजे 40 आर, साधारण एक एकर. मालकांच्या रकान्यात आधीच पाच परक्यांची नावं, प्रत्येकापुढं तीन आर.

"हे पाच जण कोण?"

"आधी घेतलेले. माझं सहावं लागेल."

"म्हणजे सातबारा एकच. कुणाचा तुकडा कुठं, ते यात कुठं लिहिलंय? उद्या यातल्या एकानं म्हटलं कमानीजवळचा माझा, तर?"

दादा गप्प. आत्याचं बोट 'इतर अधिकार' या रकान्यावर थांबलं. तिथं लिहिलं होतं, कुळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र. म्हणजे ही जमीन मूळ कुळाला कायद्यानं मिळालेली, आणि ती विकायला सरकारच्या परवानगीची अट. त्या परवानगीचा कागद एजंटकडे नव्हता.

"आणि तू शेतकरी कधीपासून झालास? आपलं तर पेठेतलं घर. आपल्या नावावर वाफाभर जमीन नाही."

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. 1948 च्या कुळकायद्याचं कलम 63 तेच सांगतं. एजंट म्हणाला होता, शेतकरी असल्याचा दाखला आपण करून देऊ. हे ऐकल्यावर आत्या पहिल्यांदा चिडली. "तीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलंस, आता खोट्या दाखल्यावर सही करणार?"

या प्रसंगावर थोडं थांबतो, कारण जमिनीत पहिलं पाऊल टाकणारी बहुतेक माणसं इथंच फसतात. तीन गुंठ्यांचा तुकडा शेतजमिनीतून परस्पर पाडता येत नाही, यासाठी 1947 पासून तुकडेबंदी कायदा आहे. पुढं त्यात सवलती आल्या, तरी तुमच्या तुकड्याला त्या लागू होतात की नाही हे तलाठी आणि वकील सांगतील, कमानीवरचा फलक सांगणार नाही. बिनशेती प्लॉट म्हणजे बिनशेतीचा आदेश हातात असलेला, रेखांकन मंजूर असलेला, नकाशात रस्ता असलेला आणि स्वतःचा वेगळा उतारा असलेला प्लॉट. अशा मंजूर रेखांकनाचं क्षेत्र 500 चौरस मीटरहून मोठं असेल तर ते महारेरात नोंदलेलं असावं लागतं. त्याची नोंद घरबसल्या संकेतस्थळावर बघता येते. अशा प्लॉटला भाव जास्त पडतो. तो जास्तीचा भाव कागदांचा असतो आणि तो द्यायलाच हवा.

चार महिने शोधून दादानं खंडाळ्याजवळ असाच एक प्लॉट घेतला. तोही तीन गुंठ्यांचाच, पण साडेसोळा लाखांना. भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घेतली, कोपऱ्यांत दगड रोवले, तारेचं कुंपण घातलं आणि विसरून गेला. प्लॉटमधून महिन्याला एक रुपयाही येत नव्हता. ताईला हे परवडलं नसतं. पेन्शन येणाऱ्या दादाचं त्यानं काही बिघडत नव्हतं, आणि भाडेकरूशी बोलणं, मोटर दुरुस्त करणं ही कामं त्याच्या स्वभावात अजिबात बसणारी नव्हती. दर दिवाळीत तो जाऊन गवत काढून येई, एवढंच.

राहिला धाकटा. त्याला आत्यानं सांगितलं होतं, वर्षभर पैसे मुदतठेवीत ठेव, बाहेरदेशी जातोस की इथंच राहतोस ते आधी कळू दे. पण ऑफिसात दुपारच्या जेवणाला सगळे फ्लॅटचंच बोलत. भाड्यातून हप्ता निघतो, हे वाक्य तिथं सूर्य पूर्वेला उगवतो तसं मानलं जाई. त्यानं डिसेंबर 2019 मध्ये हिंजवडीला 52 लाखांचा तयार टू बीएचके घेतला. 40 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी. हप्ता 34,700. पदरचे 12 लाख, मुद्रांक आणि नोंदणीचे साडेतीन, दलाली एक, फर्निचरला तीन. 20 लाखांतले 50,000 उरले.

फोनवर आत्यानं विचारलं, "भाडं किती येणार?"

"अठरा हजार."

"सोसायटीचं?"

"अडीच."

"दरवर्षी नवा भाडेकरू, त्याची दलाली?"

"एक महिन्याचं भाडं."

"म्हणजे हाती 14,000 आणि हप्ता पावणेपस्तीस. दर महिन्याला 20,000 खिशातून. स्वतः राहतोस त्याचं भाडं वेगळंच. बाळा, साडेआठ टक्क्यांनी पैसे आणून तू ते सव्वातीन टक्क्यांनी वापरायला दिलेस. भाव चढला तर फिटेल. नाही चढला तर? आणि भाडेकरू गेला तर किती महिने काढशील?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पगार चांगला होता, म्हणून प्रश्नही महत्त्वाचा वाटला नाही.

मार्च 2020 मध्ये देश बंद झाला. हिंजवडीतले भाडेकरू घरून काम म्हणून आपापल्या गावी गेले. धाकट्याचा फ्लॅट एप्रिलमध्ये रिकामा झाला आणि मे महिन्यात त्याच्या कंपनीनं पगारात वीस टक्के कपात केली. रिझर्व्ह बँकेनं हप्ते पुढं ढकलण्याची मुभा दिली होती, ऑगस्टअखेरपर्यंत. त्यानं ती घेतली. न भरलेलं व्याज मुदलात चढत राहिलं.

ताईच्याही खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. चारही. उत्तरेकडचे मजूर गेले, मराठवाड्यातली पोरं गेली, कारखान्याची शिटी थांबली. केंद्रही बंद. तिनं बँकेतल्या 2,40,000 मधून महिन्याला 14,000 काढून घर चालवलं. हप्ता नव्हता, म्हणून झोप लागत होती. ऑगस्टमध्ये पहिली खोली भरली, दिवाळीपर्यंत चारही.

सप्टेंबरात धाकट्यानं तिला फोन केला. बराच वेळ मुलाची, पावसाची चौकशी केली. ताईनंच विचारलं, "किती लागतील?" तिनं त्याला एक लाख दिले. वहीत लिहून दिले, तारीख घालून, आणि सांगितलं, "हे माझ्या अडीअडचणीचे आहेत, तेव्हा परत हवेत. पण मला एक सांग, काम घरूनच चाललंय, तर तू खराडीत भाडं भरून का राहतोयस?"

हा साधा विचार त्याच्या मनात आला नव्हता. फ्लॅट त्यानं गुंतवणूक म्हणून घेतला होता आणि त्या नावामुळं तो आपल्याच राहण्याचा असू शकतो हे डोळ्यांआड झालं होतं. तो हिंजवडीला राहायला गेला. खराडीचं 16,000 भाडं वाचलं. कर्जाचे व्याजदर त्या वर्षी उतरले, सातच्या आसपास आले, तेव्हा त्यानं बँकेत अर्ज करून दर बदलून घेतला. भाड्यातून हप्ता काढणारा फ्लॅट म्हणून जो व्यवहार तोट्याचा होता, तोच राहतं घर म्हणून पेलण्यासारखा झाला. भिंती त्याच, दस्त तोच.

बाहेरदेशी जाणं रद्दच झालं. 2021 मध्ये त्यानं ताईचे पैसे फेडले, सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम बाजूला टाकली, आणि मगच पुढच्या पैशाचा विचार केला. या वेळी आत्याचे प्रश्न त्यानं स्वतःच कागदावर लिहिले. वेळ नाही, भाडेकरू सांभाळायची इच्छा नाही, कर्ज आणखी नको, पैसे अधूनमधून मोकळे करता यायला हवेत. असल्या अटींना वीटमातीची मालमत्ता बसत नाही. बसतं ते रिट. अनेकांच्या पैशांतून मोठ्या कार्यालयीन इमारती घेतल्या जातात, त्यांचं भाडं युनिटधारकांना वाटलं जातं. नियमानं 80 टक्के मालमत्ता तयार, भाडं देणारी लागते आणि वाटण्याजोग्या रकमेतला 90 टक्के हिस्सा वाटावाच लागतो. देशातला पहिला रिट, एम्बसी ऑफिस पार्क्स, 1 एप्रिल 2019 ला शेअर बाजारात आला. तेव्हा किमान दोन लाख घालावे लागत. 2021 पासून एक युनिटही घेता येऊ लागलं. भाव इथंही खालीवर होतो, टाळेबंदीत तो बराच उतरला होता. ते माहीत असूनच धाकट्यानं दरमहा 3,000 ची युनिटं घ्यायला सुरुवात केली. त्यातल्या काही इमारती हिंजवडीत आहेत, त्याच्या गॅलरीपासून थोड्याच अंतरावर.

2022 मध्ये दादाला त्याच्या प्लॉटसाठी 24 लाखांची मागणी आली. त्यानं ताईला विचारलं, विकू का? ताई म्हणाली, "पैसे घेऊन काय करणार आहेस?" दादाला काही सांगता येईना. प्लॉट राहिला.

त्याच सुमारास ताईच्या तीन नंबरच्या खोलीतला मुलगा तिच्याशी बोलायला आला. लातूरकडचा, आयटीआय फिटर, कंपनीत कंत्राटी. दोन वर्षांत त्यानं 80,000 साठवले होते. त्याचा मित्र चौघांत मिळून दोन गुंठे घेऊ म्हणत होता, 80,000 त्याचे. "मावशी, मलापण तुमच्यासारखं सुरू करायचंय. हे घेऊ का?"

ताईनं उतारा मागितला. नव्हता. तिनं पैसे बँकेतच राहू द्यायला सांगितलं आणि दुसरंच काहीतरी पुढं ठेवलं. आत्याचे गुडघे आता जिना चढू देत नव्हते. आत्याच्या दहा आणि ताईच्या चार, अशा चौदा खोल्यांची देखभाल त्यानं करायची. खोलीमागं महिन्याला 300, म्हणजे 4,200. वसुली, दुरुस्ती, नवा भाडेकरू बघणं, पोलिसांत त्याची माहिती देणं, कराराच्या तारखा सांभाळणं.

"पण मावशी, यात माझं स्वतःचं काय होणार?"

"तुझ्याकडे पैसा कमी आहे आणि वेळ आहे. हात चालतात. मोटर तुला बांधता येते, मला बाहेरून माणूस बोलवावा लागतो. दोन वर्षं दुसऱ्याच्या खोल्या सांभाळ. कुठली खोली का रिकामी राहते, कुठला भाडेकरू का पैसे बुडवतो, कुठला कागद नसला की काय होतं, हे बाहेर पैसे देऊन शिकतात लोक. तुला त्याचे पैसे मिळतील."

त्यानं रात्रभर विचार केला आणि सकाळी किल्ल्यांचा जुडगा घ्यायला आला. पहिल्याच महिन्यात आत्याची सात नंबरची खोली सुटली. आधीचा माणूस सामान हलवत होता तेव्हाच त्यानं भिंतीची ओल खरवडली, दुसऱ्या दिवशी पांढरा हात मारला, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या पाळीच्या सुट्टीला कंपनीच्या गेटवर जाऊन उभा राहिला. चौथ्या दिवशी दोघं जण खोली बघायला आले. त्यातल्या एकाचं आधार कार्ड आणि कंपनीचं ओळखपत्र घेऊन तो ताईकडे आला आणि म्हणाला, "याचा करार आजच टाकू या मावशी, उद्यापासून भाडं धरता येईल."